नऊ महिन्यांचा हिशेब

पौषात जन्मलेल्या लेकराला नऊ महिने भरतात ते आश्विनात. बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथ तालुक्यात आश्विन म्हणजे ऊसतोडीला निघायचा महिना. दसरा झाला की मुकादमाचे निरोप येऊ लागतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तर आधीच घेऊन खर्चूनही झालेली असते, आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या गाव सोडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी थेट बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. ज्वारीची पोती, तवा-परात, अंथरुणं, एखादी शेळी, दोन कोंबड्या, आणि या सगळ्यावर आईच्या मांडीत ते नऊ महिन्यांचं लेकरू.

गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नेमका याच वयात द्यायचा असतो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर, शक्यतो वर्ष भरायच्या आत. टोळी निघते त्या दिवशी लेकराची पाळी आलेली नसते, किंवा नुकतीच आलेली असते आणि लसीकरणाचा दिवस पुढच्या आठवड्यात असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परततात तेव्हा लेकरू पंधरा महिन्यांचं झालेलं असतं. मधले सहा महिने ते उसाच्या फडात असतं, आणि गोवराच्या दृष्टीने पाहिलं तर पार उघडं असतं.

उघडं का, ते नीट समजून घेतलं पाहिजे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. आईला आयुष्यात जे जे आजार झाले किंवा ज्या लसी मिळाल्या, त्यांची ही शिदोरी. पण शिदोरीच ती, संपणारच. गोवराविरुद्धची प्रतिपिंडं साधारण सहा ते नऊ महिन्यांत विरून जातात. ती असताना लस दिली तर तीच लसीतल्या विषाणूला निष्प्रभ करतात आणि लस वाया जाते. म्हणून आपल्याकडे नऊ महिन्यांची मर्यादा ठरली: शिदोरी संपली आहे आणि आजार अजून गाठायचा आहे, अशी मधली फट बघून. फट अरुंद आहे. बीड जिल्ह्यातल्या हजारो लेकरांच्या बाबतीत या फटीवर साखर हंगामाचं कॅलेंडर येऊन बसलेलं असतं.

लहान मुलांच्या विषाणूजन्य आजारांबद्दल लिहिताना डॉक्टर मंडळी ‘जोखीम घटक’ हा शब्द वापरतात. तो कारणापेक्षा वेगळा आहे. गोवराचं कारण गोवराचा विषाणू, त्यात वाद नाही. जोखीम घटक म्हणजे ज्या गोष्टींमुळे तो विषाणू एका लेकराला गाठतो आणि दुसऱ्याला नाही, किंवा दोघांनाही गाठतो पण एकाला चार दिवसांत सोडून देतो आणि दुसऱ्याला दवाखान्यात पोचवतो, त्या गोष्टी. पुस्तकांत त्यांची यादी असते: कमी वय, कमी जन्मवजन, अपुरं स्तनपान, कुपोषण, दाटी, धूर, अपुरं लसीकरण. यादी वाचताना असं वाटतं की एकेक घटक सुटा आहे आणि एकेकाचा बंदोबस्त करता येईल. परळीच्या लेकराकडे पाहिलं की दिसतं, ही सगळी एकाच दोरीला बांधलेली गाठोडी आहेत, आणि दोरीचं टोक कोयत्याला आहे.

आधी थोडा दिलासा. धडधाकट लहान मुलालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसं होतंच. आता परळीत काय किंवा पुण्यात काय, डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ म्हटलं की घरात त्या आजाराचं नावच ‘व्हायरल’ पडतं; ‘धाकट्याला व्हायरल झालंय’ असं लोक सांगतात. त्यातले बहुतेक आजार आपोआप बरे होतात, प्रतिजैविकं त्यांच्यावर चालत नाहीत, आणि सलाईनची बाटली लावल्याने सर्दी एक दिवसही लवकर जात नाही. श्वसनमार्गाचा आरएसव्ही नावाचा विषाणू तर जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला वयाची दोन वर्षं व्हायच्या आत एकदा तरी गाठतोच, मग घर बंगल्याचं असो की पाचटाचं. तेव्हा संसर्ग झाला की नाही हा फारसा उपयोगाचा प्रश्न नाही. तो कितव्या महिन्यात झाला, अंगात त्या वेळी किती ताकद होती, आणि विषाणूचा मारा केवढा होता, हे विचारायला हवं.

वयाचंच घ्या. आरएसव्ही दोन वर्षांच्या मुलाला झाला तर नाक वाहतं, खोकला येतो. तोच दोन महिन्यांच्या बाळाला झाला तर फुप्फुसांतल्या आधीच बारीक असलेल्या श्वासनलिका सुजून आणि चिकट स्रावाने भरून बुजू लागतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला धोका दुहेरी असतो. त्याच्या श्वासनलिका आणखी अरुंद, आणि आईकडून शिदोरी यायची ते शेवटचे आठवडेच हुकलेले.

आता ही बाळं लवकर किंवा कमी वजनाची का जन्मतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात परभणीच्या खालोखालच्या आकड्यांपैकी हा एक. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. पोरगा कामाला लागला की जोडी लावून दिली जाते. वयात आलेल्या पोरीला गावात कोणाच्या भरवशावर सोडून जायचं, हा आईबापांचा घोर वेगळाच. मग सतराव्या वर्षी दिवस राहतात. अंगात रक्त कमी, डोक्यावर उसाची मोळी, फळी चढून ट्रक भरायचा, आणि विश्रांती म्हणजे खाडा. खाडा झाला की मुकादम पैसे कापून घेतो. २०१९ मध्ये राज्यात नेमलेल्या समितीच्या वेळी एकट्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली होती. ती पाहणी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल होती, पण फडावर किती आया जातात याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. बालरोगाच्या पुस्तकात ‘कमी जन्मवजन’ हे दोन शब्द असतात. त्यांच्यामागे हे एवढं सगळं असतं.

बाळंतपणानंतर पहिलं येणारं पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक. गाईचा चीक आपण आवडीने खरवस करून खातो आणि आईचा मात्र पिळून टाकायचा, ही रीत आता कमी झाली असली तरी पुरती गेलेली नाही. चिकात बाळाच्या आतड्याला आणि घशाला आतून अस्तर लावणारी प्रतिपिंडं असतात. पुढे सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध हा जुलाब आणि न्यूमोनिया दोन्हींवरचा सगळ्यात स्वस्त आणि भक्कम उपाय. पण फडात आई पहाटे तीन-चारला उठते, अंधारात भाकरी थापते आणि उजाडायच्या आत सरीत उतरते. बाळ बांधाच्या कडेला झोळीत, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीणही लहानच. तिचं नाक वाहत असतं, त्याच हाताने ती बाळाच्या तोंडात बिस्कीट घालते. जगभरच्या अभ्यासांत ‘घरात मोठं भावंड असणं’ हा आरएसव्हीचा एक ठळक जोखीम घटक म्हणून येतो, कारण मोठं मूल बाहेरून विषाणू घेऊन येतं. फडात ते भावंडच बाळाची दिवसभराची आई असतं.

रात्री सगळे कोपीत. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, पाचट आणि वर ताडपत्री. आत वाकून शिरायचं, आणि चार-सहा माणसांनी एकमेकांना लागून झोपायचं. शेजारी तशीच दुसरी, तिसरी, पन्नासावी. दाटीने संसर्ग वाढतो हे कोणीही सांगेल. दाटीने तोच आजार जास्त जीवघेणा होतो, हे मात्र सहजासहजी सुचत नाही, आणि ते ध्यानात आणून दिलं एका मानववंशशास्त्रज्ञाने. डेन्मार्कचे पीटर आबी १९७९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत असताना तिथे गोवराची मोठी साथ आली. कुपोषित मुलं जास्त मरतात असा सर्वांचा समज होता. आबींनी घरोघरचा हिशेब मांडला तेव्हा वेगळंच दिसलं. घरात ज्या मुलाला पहिल्यांदा, बाहेरून गोवर झाला ते बहुधा तरलं; त्याच्याकडून घरातल्या घरात ज्या भावंडांना झाला त्यांच्यात मृत्यू जास्त होते. रात्रंदिवस शेजारी झोपल्यामुळे दुसऱ्या मुलाच्या अंगात विषाणूचा पहिला घासच मोठा जातो आणि शरीराला तयारीला वेळ मिळत नाही, असा अर्थ त्यांनी लावला. कुपोषणाचा वाटा आहेच, अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा तर नक्की आहे. पण कोपीत शिरताना मला आबींचा हिशेब आठवतो.

गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. लस न घेतलेली दहा माणसं रोग्याच्या सहवासात आली तर त्यांतल्या नऊ जणांना तो होतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून गोवर पसरला, भिवंडी-मालेगावपर्यंत गेला, आणि त्यात बळी पडलेली मुलं मुख्यतः लस न मिळालेली होती. मुंबईसारख्या, कोपऱ्याकोपऱ्यावर दवाखाना असलेल्या शहरातली ही गोष्ट. गोवर ‘निघाला’ असं आपण म्हणतो. जणू तो आतच होता, बाहेर आला आणि गेला, अंग मोकळं झालं. प्रत्यक्षात उलटं घडतं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात गोवर झालेल्या मुलांच्या रक्तातली, इतर रोगांविरुद्ध आधी कमावलेली प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत पुसली गेलेली आढळली. शरीर आपली जुनी ओळखपाळख विसरतं. गोवरानंतरचे कित्येक महिने जुलाब आणि न्यूमोनिया मुलाला धरून असतात ते यामुळे.

जुलाबांचं म्हणाल तर थंडीच्या दिवसांत लहानग्यांना पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या घडवणारा मोठा गुन्हेगार म्हणजे रोटाव्हायरस. आपल्याकडे तो डिसेंबर ते फेब्रुवारीत जोरात असतो, म्हणजे ऐन गाळपाच्या भरात. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी तो श्रीमंत देशांतल्या मुलांनाही होत आलेला आहे. मरण मात्र गरिबाघरी जास्त, कारण अंगातलं पाणी संपायला दीड-दोन दिवस पुरतात आणि कारखान्याच्या तळावरून दवाखाना लांब असतो. याच्यावरची भारतीय लस ‘रोटावॅक’ दिल्लीच्या एम्समध्ये एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूपासून तयार झाली. तिची चाचणी दिल्ली, वेल्लूर आणि आपल्या पुणे परिसरातल्या मिळून ६,७९९ बाळांवर झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आले: तीव्र जुलाबांपासून सुमारे ५५ टक्के संरक्षण. २०१६ पासून काही राज्यांत आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात रोटाची लस सरकारी कार्यक्रमात आली. श्रीमंत देशांत तोंडावाटे द्यायच्या रोटा लसी ८५ टक्क्यांच्या वर काम करतात. गरीब वस्त्यांत तेवढं करत नाहीत. आतडं सतत कसल्या ना कसल्या जंतूंशी झुंजत असलं की लसही त्यात नीट रुजत नाही. तरी अर्ध्याहून जास्त धोका टळणं ही लहान गोष्ट नव्हे. उरलेल्यासाठी ओआरएसची पुडी आहे, चौदा दिवस झिंकच्या गोळ्या आहेत, आणि अंगावरचं दूध चालू ठेवणं आहे. जुलाब लागले की पोटाला आराम म्हणून दूध बंद करतात, तो आराम बाळाला महागात पडतो.

धुराबद्दलचं माझं मत एकदा बदललं. कोपीच्या तोंडाशी चूल, जळण पाचट नाहीतर तुराट्या. धुराने श्वासमार्गातले घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि विषाणूला आत वाट मिळते, इथपर्यंत सगळं सरळ आहे. ग्वाटेमालात धुराडं असलेल्या चुली दिल्यावर मुलांतला तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. मग भारतासह चार देशांत घरोघर गॅस देऊन मोठी चाचणी झाली, आणि बाळांतला तीव्र न्यूमोनिया त्याने कमी झालेला दिसला नाही. म्हणजे धूर निर्दोष आहे का? तसं नाही. एका घरात गॅस आला तरी शेजारच्या चुलीचा, रस्त्याचा, जळत्या कचऱ्याचा धूर तोच राहतो. हवा घरापुरती वेगळी करता येत नाही.

हे परळीकरांना कोणी समजावून सांगायला नको. १९७१ पासून इथे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि त्याच्या राखेची भुकटी हा गावाचा सोबती आहे. दादाहरी वडगावच्या बाजूने राखेच्या गाड्या येतात-जातात, वीटभट्ट्यांवर ती राख उतरते, वाळत घातलेल्या धुण्यावर बसते. फुप्फुसात खोल जाणारे कण चुलीतले असोत की बॉयलरमधले, बाळाच्या श्वासनलिकेला त्यांचं मूळ गाव कळत नाही. घरात कोणी बिडी ओढत असेल तर त्यात आणखी भर.

जी मुलं जात नाहीत, आजीआजोबांजवळ किंवा शहरातच राहतात, त्यांच्या वाट्याला दुसरी जोखीम आहे: साठवलेलं पाणी. दुष्काळात खडका बंधाऱ्याचं पाणी आटलं म्हणून २०१५ मध्ये इथलं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, आणि २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आठ-दहा दिवसांनी नळ येणार हे मराठवाड्यातल्या शहरांना सवयीचं. मग टिपाड, रांजण, हौद, प्लॅस्टिकच्या टाक्या. डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटायला उन्हाळी हवेत साधारण तेवढेच दिवस लागतात. कोरडा दिवस पाळून टिपाड नुसतं उपडं करून भागत नाही, कारण मादी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडून महिनोन्‌महिने तग धरतात. आतून घासायला हवं. आणि इथे मघाची शिदोरी उलटते. आईला पूर्वी डेंग्यू झालेला असेल तर बाळाच्या सहाव्या ते नवव्या महिन्यात तिच्या उरल्यासुरल्या प्रतिपिंडांची मदत विषाणूलाच होऊ शकते, आणि बाळाला पहिल्याच डेंग्यूत तीव्र आजार होऊ शकतो.

एवढं सगळं असूनही घरच्यांनी नेमकं काय पाहायचं, याचं सगळ्यात साधं उत्तर महाराष्ट्रातल्याच कामातून आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या लोकांना न्यूमोनिया ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. त्याचे परिणाम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कळीची गोष्ट होती श्वास मोजणं. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, तर धोका. आपल्याकडे बायका ‘लेकराचं पोट उडतंय’ म्हणतात, ते हेच. छातीच्या खालच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, बाळ दूध ओढत नसेल, झोपेतून उठत नसेल, तर मोजत बसू नये. परळीहून अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटरवर आहे. फडावर असाल तर १०८ ला फोन लावायचा.

आता पुन्हा आश्विनाकडे. पल्स पोलिओच्या काळात आपल्या यंत्रणेने वीटभट्ट्या, बांधकामं आणि साखर कारखान्यांचे तळ शोधून शोधून लेकरांच्या तोंडात थेंब घातले. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, आणि त्यानंतर नाही. जे थेंबांच्या बाबतीत जमलं ते सुईच्या बाबतीत जमू नये असं काही नाही. टोळी कोणत्या कारखान्याला गेली हे मुकादमाला पक्कं ठाऊक असतं. गावच्या आशाताईने निघायच्या आधी नऊ महिने भरलेल्यांना डोस द्यावा, आणि न भरलेल्यांची नावं तिकडच्या तालुक्याला कळवावीत, एवढंच करायचं आहे.

आणि निघणाऱ्यांसाठी: लेकराचं लसीकरणाचं कार्ड ज्वारीच्या पोत्याआधी बांधा. सरकारी लस देशात कुठल्याही उपकेंद्रात फुकट मिळते, मूळ गाव आड येत नाही, कर्नाटकातही नाही. गोवराचा हुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. रोटाचा पहिला डोस मात्र वर्ष उलटल्यावर देत नाहीत.